एका नावाचे दोन प्रकार



कार्यक्रमपत्रिकेवरचा आजचा विषय वाचून तो छापखान्याच्या चुकीने आला असावा, अशी पुष्कळांनी समजूत करून घेतली असेल. कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने बोलावे ते पगारवाढीवर, बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर. त्याने संगणकाच्या कंपायलरविषयी, आणि त्यातही प्रकारांच्या घोषणांत एकच नाव दोनदा आले तर कंपायलरने काय करावे याविषयी बोलावे, हा अव्यापारेषु व्यापार वाटणे साहजिक आहे. शिवाय 'घोषणा' हा शब्द आमच्या तोंडी आला की लोकांना गेटसभा आठवते. पण आजची घोषणा निराळी आहे, आणि तिच्यात गफलत झाली तर कामगाराच्या खिशातून पैसे जातात. म्हणून हा विषय आम्ही चालकांकडून मागून घेतला.

प्रथम थोडी ओळख करून घेऊ. संगणकाला मुळात आकड्यांच्या आज्ञांखेरीज काही कळत नाही. माणूस आपल्याला सोयीच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो, आणि त्याचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा जो दुसरा प्रोग्रॅम, तो कंपायलर. अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली या दिशेने पहिले पाऊल टाकले. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम कंपनीत फोरट्रान भाषेचा कंपायलर पुरा केला. कंपायलरला नुसता दुभाष्या म्हणून भागत नाही. तो कारकूनही असतो. प्रोग्रॅममध्ये जे जे नाव जाहीर होईल त्याची तो एका वहीत नोंद करतो, आणि तेच नाव पुढे कोठे आले की वही उघडून 'हा कोण?' ते पाहतो.

आता 'प्रकार' म्हणजे काय? मस्टरचा कोरा कागद डोळ्यांपुढे आणा. पहिल्या रकान्यात तिकीट नंबर, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात हजेरीचे दिवस. हा कोरा नमुना म्हणजे प्रकार. त्याबरहुकूम भरलेली एकेक ओळ म्हणजे त्या प्रकारची वस्तू. 'कामगार या नमुन्यात असे असे रकाने राहतील' हे प्रोग्रॅममध्ये सांगणे, याचे नाव प्रकाराची घोषणा. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. सी किंवा सी प्लस प्लस यांसारख्या भाषांत एकदा रूपांतर झाले की रकान्यांची नावे आज्ञांत उरत नाहीत. 'ओळीच्या आरंभापासून इतकी घरे सोडून जो आकडा असेल तो घे' एवढेच उरते. नावाचा जो काय विचार करायचा तो कंपायलरने आधीच करून टाकलेला असतो. मागाहून यंत्राला विचारून उपयोग नाही.

२०१२ साली एका कारखान्यातील कंत्राटी कामगार आमच्याकडे पगारपत्रके घेऊन आले. कारखान्याचे नाव घेण्याचे आज कारण नाही. त्या पत्रकांवर मूळ पगार बरोबर होता, भत्ता बरोबर होता, कपात बरोबर होती. फक्त हाती पडणारी रक्कम चूक होती. समजा मूळ पगार १२,००० रुपये, भत्ता २,००० आणि कपात १,५००. म्हणजे हाती १२,५०० पडावेत. पत्रकावर छापलेले असत ११,५००. चौथीतल्या पोराने बोटावर मोजून दाखवावी अशी ही चूक. पण व्यवस्थापकांचे उत्तर ठरलेले, 'बेरीज कॉम्प्युटरने केली आहे, कॉम्प्युटर चुकत नाही.' त्याहून अवघड गोष्ट अशी की सगळ्यांचेच पैसे कमी येत नव्हते. ज्यांची कपात भत्त्याहून मोठी होती त्यांना जादा मिळत होते, आणि ते अर्थातच आमच्याकडे आले नाहीत. आम्ही त्यांना दोष देत नाही. कर्जाचा हप्ता कापून घेतल्यावर हातात चार पैसे जास्त आले तर कोण तक्रार करील? पण त्यांची पत्रके मिळेपर्यंत कोडे सुटेना. ती मिळाली, दोन्ही थप्प्या शेजारी ठेवल्या, आणि आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने बोट ठेवले : यांचा भत्ता वजा होतो आहे आणि कपात मिळवली जाते आहे!

मग तीन बैठकी झाल्या, प्रोग्रॅम पुरवणाऱ्यांचे अभियंते आले, आणि जे निघाले ते असे. कायम कामगारांचा भाग एकाने लिहिला होता, कंत्राटी कामगारांचा दुसऱ्याने. दोघांनीही 'कामगार' या एकाच नावाचा प्रकार जाहीर केला होता. पहिल्याचे रकाने मूळ, भत्ता, कपात या क्रमाने. दुसऱ्याचे मूळ, कपात, भत्ता या क्रमाने. दोघांनीही प्रकाराच्या पोटातच 'देय रक्कम' काढण्याची कृती लिहिली होती. भाषा सी प्लस प्लस. या भाषेत दर फाइलीचे रूपांतर कंपायलर वेगवेगळे करतो, आणि मग लिंकर नावाचा जोडारी ते तुकडे सांधतो. कंपायलरने पहिली फाइल पाहिली, तिच्यात काही वावगे नव्हते. दुसरी पाहिली, तीही निर्दोष. जोडाऱ्याकडे 'कामगाराची देय रक्कम' या नावाच्या दोन कृती आल्या. आता प्रकाराच्या पोटात लिहिलेल्या कृतीच्या प्रती अनेक फाइलींत निघतात हे या भाषेत रीतसरच आहे. म्हणून जोडाऱ्याला शिकवलेले असते की एक प्रत ठेव आणि बाकीच्या टाकून दे. त्याने कायम कामगारांची कृती ठेवली. ती दुसरा आकडा भत्ता समजून मिळवी, तिसरा कपात समजून वजा करी. कंत्राटी कामगाराच्या ओळीत दुसरा आकडा कपातीचा होता. पत्रकावर रकाने छापण्याचे काम त्या त्या भागाकडेच राहिले होते, म्हणून छापलेले आकडे बरोबर आणि बेरीज चूक.

यातला एक चमत्कार सांगून पुढे जातो. प्रोग्रॅम अधिक वेगाने चालावा म्हणून कंपायलरला जास्त खटपट करायला सांगितले, तर तो अशी लहान कृती जागच्या जागी उतरवून टाकतो. जोडाऱ्याने निवड करण्याचा प्रश्नच उरत नाही आणि चूक अदृश्य होते. पुरवठादाराच्या कचेरीत जे चालवून पाहिले होते ते तसे पाहिले होते. कारखान्यात बसवले ते दुसऱ्या रीतीने. तेव्हा 'आमच्याकडे बरोबर चालते' असे ते शपथेवर सांगत होते, आणि ते खोटे बोलत नव्हते. कंत्राटी कामगारांना फरक मिळाला. ज्यांना जादा गेले होते त्यांच्याकडून वसुली होणार नाही हेही आम्ही लिहून घेतले. आणि तेव्हापासून रात्री जेवणानंतर आम्ही या शास्त्राची पुस्तके वाचू लागलो. आम्ही कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नाही, पण मस्टर वाचता येणाऱ्याला ही पुस्तके वाचता येतात, असा आमचा अनुभव आहे.

त्या पुस्तकांत आम्हांला जे आढळले त्याने आम्ही चकित झालो. सी प्लस प्लसच्या प्रमाणग्रंथात असा नियम आहे की एका प्रोग्रॅममध्ये एका नावाच्या प्रकाराची व्याख्या जेथे जेथे येईल तेथे ती अक्षरशः एकच असली पाहिजे. नियम उत्तम आहे. पण त्यालाच जोडून असेही म्हटले आहे की हा नियम मोडला गेला तर तसे कळवण्याचे बंधन कंपायलरवर नाही! कायदा आहे, गुन्हा आहे, पण फौजदाराने दखल घेतलीच पाहिजे असे नाही. कामगार कायद्यांच्या बाबतीत ही स्थिती आमच्या चांगल्या परिचयाची असल्यामुळे तिची थोडी गंमतही वाटली.

न्यायाने बोलायचे तर याला कारण आहे. जोडारी हा सी प्लस प्लसहून वयाने मोठा. सुट्या तुकड्यांचे रूपांतर करून मागाहून सांधण्याची पद्धत फोरट्रानच्या १९५८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतच आली होती. त्या काळापासून जोडाऱ्याला नावे तेवढी कळतात. नावामागचा नमुना कळत नाही. जेथे संदेश पोचवण्याचीच सोय नाही तेथे कंपायलरवर बंधन घालणार कसे, असा तो युक्तिवाद. तो आम्हांला पटत नाही. १९८३ साली प्रमाणित झालेल्या एडा भाषेने असे बंधन घातले की तुकडे सुटे असले तरी त्यांची परस्परांशी तपासणी एकाच फाइलीत असल्याप्रमाणे झाली पाहिजे; आणि एडाचे कंपायलर ते करीत आले. म्हणजे अशक्य नव्हते, खर्चाचे होते. सुरक्षिततेच्या साधनांबद्दल मालकवर्ग जे सांगतो तेच. पुढे २०१५ साली जीसीसी या प्रसिद्ध मोफत कंपायलरच्या पाचव्या आवृत्तीत, सर्व तुकडे एकत्र पाहण्याची सोय चालू केली असेल तर, अशा दोन विसंगत व्याख्यांविषयी इशारा मिळू लागला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही आपल्या फाइलीपुरते निनावी कुंपण घालून त्यात प्रकार ठेवता येतो. मग बाहेरच्या नावाशी त्याचा संबंध येत नाही. पण ते ज्याच्या त्याच्या शहाणपणावर. हेल्मेट खुंटीला टांगून ठेवले म्हणजे डोके वाचते असे नव्हे.

आता एकाच फाइलीत, एकाच हाताने, एकाच पातळीवर तेच नाव दोनदा जाहीर झाले तर? येथे बहुतेक भाषांचे एकमत आहे की ही चूक धरावी. सी, जावा, गो, रस्ट या सगळ्या भाषांत असा प्रोग्रॅम पुढे जात नाही. एका नमुन्यात एकाच नावाचे दोन रकाने आले तरीही तसेच. अपवाद पायथनसारख्या भाषांचा. तेथे प्रकाराची घोषणा ही चालता चालता पाळायची आज्ञा असते. दुसरी घोषणा आली की पहिलीच्या जागी ती बसते, कोणी हूं का चूं करीत नाही. ती भाषा हाताळायला फार सुखाची आहे हे आम्ही मान्य करतो, पण पगारपत्रकासाठी हे सुख आम्हांला नको.

चूक धरली हे ठीक. पण ती सांगावी कशी, यात खरे कारकुनी कौशल्य आहे. पुष्कळ वेळा कंपायलर दुसऱ्या घोषणेवर बोट ठेवतो, कारण ती त्याने नंतर वाचली. पण नंतर वाचलेला तो गुन्हेगार, हा काय न्याय? कदाचित पहिलीच घोषणा जुनी असेल, कोणी पुसायची विसरला असेल. म्हणून चांगला कंपायलर दोन्ही ओळींचे आकडे देतो : 'येथे पुन्हा व्याख्या झाली, मूळ व्याख्या तेथे होती.' निवाडा लिहिणाऱ्यावर सोडतो. पुढचा प्रश्न याहून नाजूक आहे. चूक सांगितल्यावर उरलेला प्रोग्रॅम तपासताना कंपायलरने कोणती घोषणा खरी धरावी? पहिली धरली तर दुसरीतले रकाने वापरणारी प्रत्येक ओळ चूक ठरते, आणि एका चुकीपोटी दोनशे तक्रारींचा कागद बाहेर पडतो. नवशिका माणूस तो कागद पाहूनच खचतो. कित्येकदा शेवटच्या तक्रारीपासून दुरुस्ती करू लागतो आणि नसलेल्या चुका करून बसतो. यावर शहाणी तोड अशी की वादग्रस्त नावावर वहीत 'वादात' असा शिक्का मारावा, आणि त्या नावाच्या वापराविषयी मौन पाळावे. इतर चुका मात्र सांगत राहावे. आजचे कित्येक चांगले कंपायलर असा काहीतरी शिक्का बाळगतात.

पण प्रत्येक द्विरुक्ती म्हणजे चूक असे धरून चालणार नाही. घरोघरी आई असते. आपण घरात 'आई' अशी हाक मारतो तेव्हा शेजारची आई ओ देत नाही. १९६० साली पीटर नाउर यांच्या संपादनाखाली अल्गोल ६० या भाषेचे निवेदन प्रसिद्ध झाले. त्यात प्रोग्रॅमचे आत-बाहेर असे चौक पाडले आहेत, आणि आतल्या चौकात जाहीर झालेले नाव बाहेरच्याला झाकून टाकते. पुढच्या बहुतेक भाषांनी हे उचलले. कोबोलने याच सुमारास दुसरी वाट काढली, आणि ती आम्हांला फार आवडते, कारण ती हजेरीच्या टेबलावरची आहे. कोबोल ही हिशेबी कामांसाठी काढलेली भाषा. कामगाराच्या नोंदीत 'नाव' हा रकाना असणार, खात्याच्या नोंदीतही 'नाव' असणार. कोबोल म्हणते, खुशाल ठेवा. मात्र उल्लेख करताना 'कामगार-नोंदीतले नाव' असे पुरे बोला. नुसते 'नाव' म्हणाल आणि ते दोहोंना लागू पडत असेल तर मी पुढे जाणार नाही. मस्टरवर दोन दत्ताराम असले तर मुकादम 'दत्ताराम' अशी नुसती हाक मारीत नाही. 'दत्ताराम, चिपळूणचा' असे म्हणतो. कोणा दत्तारामाला बारसे पुन्हा करून घ्यायला तो सांगत नाही.

सी भाषेने आरंभी नेमके ते बारसे करायला लावले. डेनिस रिची यांनी १९७०च्या पुढे ही भाषा युनिक्ससाठी रचली, तेव्हा कंपायलर सगळ्या नमुन्यांतल्या सगळ्या रकान्यांची नावे एकाच वहीत लिहीत असे. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या पुस्तकात तसा नियमच दिला आहे : दोन नमुन्यांत एकाच नावाचा रकाना ठेवायचा तर त्याचा प्रकार तोच हवा आणि त्याच्या आधीचे सर्व रकानेही तेच हवेत. यावर लोकांनी काय केले? रकान्यांना आडनावे लावली. फाइलीची माहिती सांगणाऱ्या नमुन्यात प्रत्येक रकान्यापुढे 'एसटी', वेळेच्या नमुन्यात 'टीएम', पासवर्डाच्या नमुन्यात 'पीडब्ल्यू'. लवकरच कंपायलर सुधारले, दर नमुन्याला स्वतंत्र वही मिळाली, १९८९च्या प्रमाणात ते पक्के झाले. पण ती आडनावे अद्याप जागची हलली नाहीत. आजही युनिक्स वळणाच्या कोणत्याही यंत्रावर फाइलीचा आकार विचारायचा तर त्या 'एसटी'सकट विचारावा लागतो. पहिल्या कंपायलरात वाचवलेल्या एका वहीचा भुर्दंड चाळीस-पन्नास वर्षे लोक टाइप करून भरीत आहेत! हॅस्केल या विद्वान भाषेतही अशीच अडचण होती; एका विभागातल्या दोन नमुन्यांत 'नाव' हा रकाना चालत नसे. तिच्या मुख्य कंपायलरने २०१६ साली, मागेल त्याला सूट, अशी सोय केली.

याहून नामी पेच आमच्याच भाषेतला आहे. गिरण्यांत 'बदली' म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला कामगार. सरकारी कचेरीत 'बदली' म्हणजे या गावाहून त्या गावाला पाठवणी. समजा, पगाराच्या प्रोग्रॅममध्ये आम्ही दोन प्रकार जाहीर केले. एक नेमणुकीचा : कायम, बदली, कंत्राटी. दुसरा घटनेचा : भरती, बदली, निवृत्ती. येथे प्रकारांची नावे भिन्न आहेत, पण त्यांच्या पोटातले एक नाव समान. सी भाषेत हे चालत नाही. अशी पोटनावे बाहेरच्या अंगणात येऊन बसतात आणि तेथे दोन 'बदली' भेटले की भांडण. मग लिहिणारा 'नेमणूक-बदली', 'घटना-बदली' अशी जोडनावे करीत बसतो. सी प्लस प्लसने २०११ साली नव्या तऱ्हेचा गणनाप्रकार आणला, त्यात पोटनाव घरातच राहते आणि प्रकाराच्या नावासकट हाक मारावी लागते. एडा मात्र आपल्यासारखी वागते. 'यंदा त्याची बदली झाली' आणि 'तो बदली म्हणून लागला' यात आपण अडखळतो का? वाक्यावरून कळते. एडाही आजूबाजूचा मजकूर पाहून कोणती 'बदली' ते ठरवते. दोन्ही अर्थ लागू पडू लागले तर थांबते आणि प्रकाराचे नाव स्पष्ट करायला सांगते. संदर्भाने ठरवणे आणि अंदाजाने ठरवणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, ते एडाने नीट ओळखले.

आतापर्यंत आम्ही 'तेच नाव' असे सरसकट म्हणत आलो. पण दोन नावे एकच आहेत हे ठरवायचे कसे? १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सातव्या कलमात तरतूद होती की नोंदणीला आलेल्या संघटनेचे नाव आधीच्या नोंदलेल्या संघटनेसारखेच असेल, किंवा लोक वा सभासद फसतील इतके ते मिळतेजुळते असेल, तर निबंधकाने ते बदलायला लावावे. 'मिळतेजुळते' या एका शब्दावर किती हेलपाटे होतात ते आम्ही जाणतो. कंपायलरला असा शब्द परवडत नाही. त्याला मोजमाप लागते. जुन्या फोरट्रानमध्ये नाव सहा अक्षरांहून मोठे असूच शकत नसे. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणात, एका फाइलीतून दुसरीत जाणाऱ्या नावांची पहिली सहा अक्षरेच पाहण्याची मुभा जोडाऱ्याला होती, आणि लहानमोठी रोमन लिपी एक मानण्याचीही. म्हणजे 'कामगारसंख्या' आणि 'कामगारसूची' ही रोमनमध्ये लिहिली तर सहाव्या अक्षरापर्यंत एकच! १९९९च्या प्रमाणाने ही मर्यादा एकतीसवर नेली. कोबोल, पास्कल, एडा लहानमोठ्या रोमन अक्षरांत भेद करीत नाहीत. सी आणि जावा करतात.

देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत म्हणून आपण सुटलो असे वाटेल. तसे नाही. पायथनसारख्या काही भाषांत आज देवनागरीत नावे देता येतात. आता 'शेतकऱ्याची' यातला 'ऱ' घ्या. युनिकोडमध्ये तो एका संकेताने लिहिता येतो, आणि 'र' अधिक खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनीही. कागदावर दोन्ही हुबेहूब एक. कंपायलरने संकेत मोजून पाहिले तर दोन निराळी नावे. एकाच कचेरीतल्या दोन कळफलकांवरून 'कर्जदार-शेतकऱ्याची-नोंद' हा प्रकार दोनदा जाहीर झाला, तर डोळ्याला द्विरुक्ती दिसेल आणि कंपायलरला दिसणार नाही. उपाय माहीत आहे : तुलना करण्याआधी सर्व नावे एका ठरीव रूपात आणावीत. पायथन हे करतो. रस्टने २०२१ साली इतर लिप्यांतील नावांना मोकळीक दिली तेव्हा हीच दक्षता घेतली. भाषा रचणाऱ्या बहुतेकांना अशा अडचणीची सवय नसते, म्हणून ही मागणी आपल्या बाजूनेच रेटली पाहिजे.

शेवटी एक प्रश्न राहतो, आणि त्यावर जाणत्यांतही दोन तट आहेत. नाव तेच आणि नमुनाही तंतोतंत तोच असेल, तर दुसऱ्या घोषणेला हरकत घ्यावी का? सी भाषा फार दिवस हरकत घेत आली. त्यामुळे एकच माहितीफाइल दोन वाटांनी दोनदा आत आली की कंपायलर थांबे, आणि प्रत्येक फाइलीच्या दाराशी 'आधी येऊन गेलो असेन तर वाचू नये' असा पहारा बसवावा लागे. तो रिवाज अजून आहे. २०११च्या प्रमाणाने टोपणनावाची तीच ती घोषणा पुन्हा करायला परवानगी दिली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रमाणाने पूर्ण नमुन्यालाही ती दिली, मात्र रकाने, त्यांची नावे, क्रम सर्व जुळले पाहिजे. टाइपस्क्रिप्ट ही मायक्रोसॉफ्टची २०१२ सालची भाषा आणखी पुढे जाते. तिच्यात इंटरफेस नावाचे नमुने एकाच नावाने दोनदा आले तर ती त्यांची बेरीज करते, दोघांचे रकाने एका नमुन्यात घालते. एकाच रकान्याचे दोन वेगळे प्रकार निघाले तरच अडवते. दुसऱ्याने लिहिलेल्या नमुन्यात आपला रकाना वाढवायची यात सोय आहे, आणि ब्राउझरच्या जगात ती सोय लागते हे खरे.

आमचे मत विचाराल तर सीच्या नव्या नियमाला आमची संमती आहे. दोन प्रती तंतोतंत एक आहेत हे पडताळून मगच सोडणे, हे कारकुनाचे काम कंपायलरने केले तर माणसाचा ताप वाचतो आणि कोणाचे काही जात नाही. टाइपस्क्रिप्टची बेरीज आम्हांला धोक्याची वाटते. एकाच नावाची दोन माणसे परस्परांना न पाहता नमुने लिहीत असतील तर ती बेरीज झाल्याचे दोघांनाही कळत नाही. गो भाषेत एक मधली रीत आहे. तेथे एका नमुन्याच्या पोटात दुसरे दोन नमुने अख्खे बसवता येतात. त्या दोघांत एकाच नावाचा रकाना निघाला तर कंपायलर लगेच ओरडत नाही. ते नाव कोणी नुसते उच्चारले तर मात्र 'कोणता?' म्हणून अडवतो. दोन परक्या लोकांचे नमुने आपण एकत्र आणतो तेव्हा नावे जुळली यात कोणाचाच दोष नसतो. तेथे ही रीत योग्य. पण दोन्ही घोषणा एकाच हाताने, एकाच पातळीवर लिहिल्या असतील तर वापराची वाट पाहू नये, जाहीर होताक्षणी अडवावे. आमच्या काही तरुण मित्रांना हे फार कडक वाटते. ते म्हणतात, लिहिता लिहिता माणसाला थोडी मोकळीक हवी. ती लिहिताना जरूर असावी. पगाराच्या आदल्या रात्री नसावी.

वेळेची घंटा झाली आहे. अध्यक्षांच्या परवानगीने प्रश्न घेण्यास आम्ही बसलो आहोत. ज्यांना आपली पगारपत्रके दाखवायची असतील त्यांनी ती सभेनंतर व्यासपीठाच्या डाव्या बाजूला आणावीत.